मासेमारीच्या छोट्या बोटीवरून दिवसभर गरवायला जायचं असेल तर

पर्यटकांची बोट आणि कामाची बोट यांत मोठा फरक असतो. पहिलीत बाकं असतात, डोक्यावर छप्पर असतं, कुणीतरी आमिषसुद्धा लावून देतं. कामाच्या बोटीत सगळी जागा दोरांसाठी, जाळ्यासाठी, बर्फासाठी आणि माशांसाठी ठेवलेली असते. माणसं उरलेल्या जागेत बसतात. तिथे आपण दुसऱ्याच्या कामाच्या जागेत पाहुणे असतो. एवढं लक्षात ठेवलं की काय न्यायचं, कुठे बसायचं आणि कधी गप्प राहायचं, यातलं बरंचसं आपोआप सुटतं.

इथे धरून चाललो आहे ती बोट साधारण २० ते २५ फुटांची, उघडी, एका इंजिनाची. एक तांडेल (बोट चालवणारा प्रमुख), फार तर एक खलाशी आणि तुम्ही तीन-चार मित्र. पहाटे निघायचं, दुपारी परतायचं आणि मासे गरीने, म्हणजे गळाने, धरायचे. जाळं टाकणं-ओढणं हे बोटवाल्यांचं काम. नवख्याचा पाय किंवा बाहीचं बटण त्यात अडकलं तर माणूस जाळ्याबरोबर पाण्यात जातो, त्यामुळे त्याला हातही लावू नका.

आधी बोलणी

सगळ्यात आधी माणसांची संख्या ठरवा. बोटीत दहा जण मावतात म्हणून दहा जणांनी गरवता येत नाही. चार दोऱ्या पाण्यात असल्या तरी गुंता होतो, सहा असल्या तर दिवस गुंते सोडवण्यातच जातो. बोटीला माणसं नेण्याची परवानगी आणि विमा आहे का, हे संकोच न करता विचारा. पुष्कळ ठिकाणी मासेमारीचा परवाना वेगळा आणि पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा वेगळा असतो. हौशी गरवणाऱ्यांसाठी काही नियम आहेत का, कोणता मासा किती लांबीच्या खाली ठेवायचा नाही, सध्या बंदीचा काळ आहे का, हेही तेव्हाच समजून घ्या.

मग पैशांचं. डिझेल, बर्फ, आमिष कुणी आणायचं आणि पकडलेला मासा कुणाचा, हे किनाऱ्यावरच बोलून घ्यावं. तांडेल ओळखीचा असला तर हे बोलणं अवघड वाटतं. पण त्या दिवशी तो स्वतःची मासेमारी सोडून तुमच्याबरोबर येणार आहे, हे विसरू नका.

‘आज नको’ असं तांडेल म्हणाला तर विषय तिथेच संपवा. मित्र सुट्टी काढून आलेत, लांबून आलेत, हे समुद्राला माहीत नसतं. माझ्या मते चांगला तांडेल ओळखायची खूण हीच: भाडं हातचं जात असलं तरी तो नाही म्हणू शकतो.

दिवस कसा निवडायचा

नवखी मंडळी सुट्टी पाहून दिवस ठरवतात. ठरवायला हवा चंद्र आणि वारा पाहून.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून आज जी वेळ तीच उद्या सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, खरं तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि जोरात वाहतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस येतात आणि पाण्याची ओढ कमी होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने भांगच निवडावा. ओढ कमी असली की दोरीच्या टोकाला बांधलेलं हलकं शिसंही तळाला टिकतं, दोरी सरळ खाली राहते आणि माशाने चावा घेतलेला बोटाला कळतो. प्रवाहाच्या जोरावर जाळी लावणारे लोक उधाणाची वाट पाहतात, त्यामुळे भांगात त्यांची बोट मोकळी मिळण्याची शक्यताही जास्त.

भरती-ओहोटीचे सहा तास सारख्या वेगाचे नसतात. ढोबळ हिशेब असा: पाणी जेवढं चढायचं त्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत ओढ सगळ्यात जास्त. ओढ अगदी मेली की मासाही बऱ्याचदा सुस्त होतो आणि फार वाढली की शिसं टिकत नाही. पाणी हलायला लागतं किंवा मंदावायला लागतं, त्या वेळा पदरात पाडून घ्याव्यात.

आता वारा. हवामानाच्या अंदाजात वेग बहुधा नॉटमध्ये दिलेला असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. सात ते दहा नॉटपर्यंत कुठे कुठे पांढरी फेसाळ टोकं दिसू लागतात, अकरा ते सोळामध्ये ती सगळीकडे दिसतात. उघड्या छोट्या बोटीत नवख्यांना घेऊन दहाच्या वर जाण्यात मजा नाही. लाटांची उंची वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. अंदाजातला आकडा म्हणजे सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या दुप्पटही येऊ शकते. उंचीपेक्षा दोन लाटांमधलं अंतर जास्त सतावतं: एक मीटरची लाट दहा-दहा सेकंदांनी आली तर बोट सावकाश वरखाली होते, तीच चार सेकंदांनी आली तर हाडं खिळखिळी होतात.

आणि वारा एकीकडून, पाण्याची ओढ त्याच्या विरुद्ध दिशेने, असं झालं की लाटा आखूड आणि उभ्या होतात. सकाळी आरशासारख्या असलेल्या खाडीच्या तोंडाशी दुपारी असं होताना दिसतं, कारण ऊन चढल्यावर जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात. पहाटे लवकर निघण्याचं मुख्य कारण हेच आहे. मासा पहाटे जास्त चावतो हे दुसरं कारण, आणि तेही नेहमी खरं ठरत नाही.

सामान

जितकं कमी तितकं चांगलं. प्रत्येकाने एक झाकणाची बादली घ्यावी आणि सगळं त्यात घालावं. बॅगा ओल्या होतात, पायात येतात. झाकणावर बसताही येतं.

लाइफ जॅकेट मापाचं हवं. घालून, पट्टे आवळून, कुणाला तरी खांद्याजवळून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत वर आलं तर पाण्यातही तसंच वर येईल. नेण्यापुरतं नेऊन बसायला उशी म्हणून वापरायचं नाही, धक्का सोडायच्या आधी अंगावर घालायचं आणि उतरेपर्यंत काढायचं नाही. थंड पाण्यात पडलेल्या माणसाला पहिलं मिनिटभर श्वासच आवरत नाही. तेवढ्यात पाणी नाकातोंडात गेलं तर पोहता येण्याचाही उपयोग होत नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे, लवकर वाळणारे. टोपीला नाडी हवी. बूट रबरी, पांढऱ्या किंवा फिक्या तळव्याचे, बोटं झाकणारे. चपला नकोत, गरी अनवाणी पायात शिरायला वेळ लागत नाही. पोलराइज्ड गॉगल पाण्यावरची चकाकी कापतो. माणशी तीन लिटर पाणी. खायला कोरडं, तेल-तिखट नसलेलं, एका हाताने खाता येईल असं. फोन पाणबंद पिशवीत.

शौचाची सोय बहुधा नसते, असली तर बादली. मंडळींत बायका असतील तर आडोशाचं आणि बादलीचं आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. अवघडून पाणी न पिता उन्हात बसलेला माणूस दुपारपर्यंत आजारी पडतो.

बोट लागणं

हे कुणालाही होऊ शकतं, खलाशांनाही होतं. कानातला तोल सांभाळणारा भाग हालचाल सांगतो, डोळे समोरची स्थिर बादली दाखवतात, आणि मेंदूला दोन्हींचा मेळ लागत नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या निदान तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटात राहत नाही. बहुतेक गोळ्यांनी झोप येते, म्हणून एकदा सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघावी. रात्री जागरण आणि दारू नको.

बोटीत मधोमध किंवा थोडं मागे बसा. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, हिंदकळणं सगळ्यात जास्त. पण मागे डिझेलचा धूर येत असेल तर जागा बदला. नजर क्षितिजावर ठेवा. फोन बघणं आणि मान खाली घालून गुंता सोडवणं, या दोन गोष्टींनी धडधाकट माणूसही आजारी पडतो. उलटी आलीच तर वारा पाठीवर घेऊन, गुडघ्यावर बसून, बोट घट्ट धरून करा. उभं राहून वाकायचं नाही. मित्रांनी त्या वेळी चेष्टा करू नये. नंतर वर्षभर करायला मिळणारच आहे.

बोटीत पाय ठेवताना

सामान आधी हातोहात द्या, मग रिकाम्या हातांनी चढा. उडी मारायची नाही. पाय बोटीच्या मध्याकडे ठेवायचा, काठावर नाही. चढल्यावर एक हात कायम बोटीला धरलेला. काठावर बसायचं नाही, आणि गुंडाळून ठेवलेल्या दोराच्या वेटोळ्यात कधीही उभं राहायचं नाही. नांगर सुटला की ते वेटोळं पायाला फास बनतं.

निघण्याआधी तांडेलाला चार गोष्टी दाखवायला सांगा: इंजिन बंद कसं करायचं, आग विझवायचं साधन कुठे आहे, पाणी उपसायचं काय आहे, रेडिओ कसा चालतो. तांडेलच पाण्यात पडला तर हे तुम्हालाच करायचं आहे. व्हीएचएफ रेडिओवर संकटाचा चॅनेल १६. बटण दाबून ‘मेडे’ तीनदा, मग बोटीचं नाव, ठिकाण, काय झालंय, किती माणसं. बोलून झालं की बटण सोडायचं, नाहीतर उत्तर ऐकू येत नाही.

किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून निघा: कोणती बोट, कुठल्या दिशेला, किती जण आणि किती वाजेपर्यंत परत. त्या वेळेला फोन आला नाही तर त्याने कुणाला कळवायचं, हेही ठरलेलं असू द्या. इंधनाचा जुना हिशेब सोपा आहे. तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला आणि तिसरा अडीअडचणीला.

दोरी कशी बांधायची

नवख्याला मी रॉड देणार नाही. छोट्या बोटीत चार लांब काठ्या म्हणजे चार डोळ्यांना धोका, आणि तळ ओळखायला हाताच्या बोटांपेक्षा चांगलं साधन नाही. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या चकतीवर गुंडाळलेला जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) पुरतो. तो ०.८ ते १ मिलिमीटर जाड असावा, कारण बारीक दोरी हात कापते.

टोकाला शिसं. त्याच्या वर वीतभर अंतरावर एक आखूड फाटा आणि त्याला गरी. त्याच्या वर हातभर अंतरावर दुसरा फाटा, दुसरी गरी. फाटे एवढेच लांब ठेवा की एक दुसऱ्यापर्यंत पोचणार नाही. दोनपेक्षा जास्त गरी नकोत. शिसं मुख्य दोरीपेक्षा कमकुवत दोऱ्याने बांधायचं, म्हणजे खडकात अडकलं तर शिसं तेवढं तुटतं आणि बाकीचं वर येतं. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडा तंगूस आवळताना तापतो आणि गाठीपाशीच तुटतो. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला तर एखादा मासा सुटेल, पण बोटात गेलेली गरीही सहज निघेल. पहिल्या दिवशी हा सौदा फायद्याचा.

जागेवर पोचल्यावर

जागा तांडेल शोधतो. जुने तांडेल जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत आणतात, दुसऱ्या बाजूच्या दोन खुणा दुसऱ्या रेषेत आणतात, आणि त्या रेषा जिथे छेदतात तिथे खडक असतो. सपाट रेतीवर मासा पांगलेला असतो. खडकाच्या कडेला, बुडालेल्या जहाजाजवळ, तळ अचानक खोल होतो तिथे तो जमतो. वीस मीटर इकडे-तिकडे झालं तरी फरक पडतो, म्हणून तांडेल नांगर टाकताना दोनदा-तीनदा जागा बदलतो. तेव्हा ‘इथेच टाका ना’ म्हणायचं नाही.

नांगर नाळेवरूनच टाकतात, मागून बांधला तर लाट मागच्या काठावरून आत येते. दोर खोलीच्या तीन ते पाचपट सोडावा लागतो आणि वारा असेल तर त्याहून जास्त. नांगरलेल्या बोटीत पाणी नाळेकडून मागे वाहतं. म्हणून पुढे बसलेल्यांनी जड शिसं लावायचं आणि मागच्यांनी हलकं. पुढच्याचं हलकं असेल तर त्याची दोरी वाहत येऊन मागच्यांच्या सगळ्या दोऱ्यांना मिठी मारते.

आमिष ताजं हवं. माशाची लांब, निमुळती पट्टी कापा आणि जाड टोकाकडून गरीत एकदाच ओवा. गोळा करून ओवली तर ओढीत ती फिरते आणि दोरीला पीळ बसतो. गरीचं टोक बाहेर दिसू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोरी हाताच्या बोटावरून सरकत सोडा. शिसं तळाला लागलं की दोरी एकदम सैल पडते, ते क्षणात ओळखता आलं पाहिजे. मग दोरी ताणून शिसं हातभर उचला आणि तिथेच धरा. दर दोन-तीन मिनिटांनी परत तळ शोधा, कारण बोट नांगरावर झुलते, पाणी चढ-उतार करतं आणि खोली बदलत राहते. तळाच्या माशांसाठी गरवताना नवखे रिकाम्या हाताने परततात ते बहुतेक याच कारणाने. आमिष तळापासून चार-पाच मीटर वर लोंबत असतं आणि ते निवांत वाट बघत बसतात.

टक-टक असं बोटाला लागलं तर लहान मासा आमिष कुरतडतोय. झटका मारू नका. दोरी ठामपणे ओढली जाऊ लागली की साध्या गरीला एक लांब हिसका द्यायचा. गोल, आत वळलेल्या गरीला हिसका द्यायचाच नाही. दोरी फक्त ताणत न्या, ती माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसते. शेजारच्यांना ‘मासा!’ असं ओरडून सांगा, म्हणजे ते आपल्या दोऱ्या वर घेतील.

हातावर हात ओढत दोरी वर आणा आणि ती समोर बादलीत पडू द्या. हाताला दोरी गुंडाळायची नाही. कितीही छोटा मासा असो, नाही म्हणजे नाही. मासा मोठा निघाला तर तीच दोरी हाताचं बोट कापते किंवा माणसाला काठावरून ओढते. हातमोजे घाला, मासा जोर करेल तेव्हा दोरी सोडा, तो थकला की पुन्हा घ्या. बोटीजवळ आल्यावर जड मासा दोरीने उचलू नका, त्याच क्षणी तो सुटतो. हातजाळी पाण्यात स्थिर धरायची आणि मासा डोक्याकडून तिच्यात न्यायचा.

वर आलेल्या माशाला हात लावण्याआधी तांडेलाला विचारा. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांत ताठ विषारी काटे असतात. पाकटाच्या शेपटीवरचा काटा बूटही भेदतो. असा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. वेदना कमी होतात, पण डॉक्टरांकडे जावंच लागतं. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. फुगणारा केंड मासा सोडून द्या. त्याचं विष शिजवूनही जात नाही. काट्यासकट गरी बोटात खोल गेली तर उलटी ओढू नका, दोरी कापा आणि तशीच दवाखान्यात न्या. डोळ्याजवळ असेल तर हातसुद्धा लावायचा नाही आणि बोट लगेच किनाऱ्याकडे वळवायची.

ठेवायचा आणि सोडायचा मासा

ठेवायचा मासा तडफडत ठेवू नये. डोक्यावर एक नेमका घाव, मग कल्ल्याखाली कापून रक्त जाऊ द्यायचं. नंतर बर्फ आणि समुद्राचं पाणी यांच्या खिचडीत बुडवायचा, दोन भाग बर्फ, एक भाग पाणी. खारं पाणी शून्याच्याही खाली जाऊन गोठतं आणि माशाला सगळीकडून वेढतं, त्यामुळे नुसत्या बर्फाच्या तुकड्यांपेक्षा तो लवकर थंड होतो. बांगडा, कुपा, सुरमई यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. उन्हात राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवून जात नाही आणि खाणाऱ्याला चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, पुरळ उठणं असा त्रास होतो. वास अजिबात येत नसतानाही हे होऊ शकतं.

लहान मासा सोडायचा तर हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्यावरचा बुळबुळीत थर निघतो. खूप खोलातून आलेल्या माशाचं पोट हवेने फुगलेलं असतं आणि तो सोडल्यावर वरच तरंगत राहतो. पोटाला भोसकू नका. वजन लावून त्याला परत खोल सोडायची साधनं मिळतात. नसेल तर खोल पाण्यात पुरेसे मासे झाल्यावर गरवणं थांबवावं.

परतीचा प्रवास

परतायची वेळ पहाटे ठरलेली असते, आणि ‘शेवटचे पाच मिनिटं’ मागितली की नेमकी त्यातच दोरी अडकते. दोऱ्या गुंडाळा, गऱ्या एखाद्या बुचात खुपसा, तंगुसाचे तुकडे खिशात घ्या. पाण्यात गेलेला तुकडा इंजिनाच्या पंख्यात अडकतो, पक्ष्यांच्या पायांतही.

धक्क्याला लागताना हात-पाय बोटीच्या बाहेर काढून बोट थोपवायला जाऊ नका, दोन टन वजन आणि दगड यांच्यामध्ये हात सापडतो. सांगितलं तरच दोर फेका. बांधल्यावर लगेच निघून जाऊ नका. रक्त, खवले, आमिषाचे तुकडे वाळले की खरवडावे लागतात, म्हणून बादलीने पाणी ओढून बोट तेव्हाच धुवा. माशांचे वाटे तांडेलाला करू द्या आणि ठरलेले पैसे त्याने मागायच्या आधी द्या.

गऱ्या आणि पकड गोड्या पाण्यात धुऊन वाळवा. संध्याकाळी जमीन पायाखाली हलल्यासारखी वाटेल. बहुतेकांचं ते झोपेनंतर जातं. गोळीची गुंगी अजून असेल तर गाडी दुसऱ्याला चालवू द्या.